मॅसीचं तोंड, इंटरनॅशनलची पाठ – जुन्या ट्रॅक्टरचं काम, भाग ३

मागच्या भागात लिहिलेलं की चिकोडी तालुक्यातनं ट्रॅक्टर ट्रकात घालून बेळगावला आणला आणि तो मॅसी फर्ग्युसन ३५ आहे. ते चुकलं होतं. गेले चार रविवार त्याच्या खाली झोपून, घासून, मोजून आता पक्कं सांगू शकतो, म्हणून आज बाकी काम बाजूला ठेवून फक्त ओळख कशी पटली तेवढंच लिहितो, कारण आपल्या भागात असे जोडलेले ट्रॅक्टर अजून बऱ्याच गोठ्यात उभे आहेत आणि घेणारा माणूस बॉनेट बघूनच पैसे मोजतो.

मॅसी का वाटला ते आधी सांगतो. बॉनेट १०३५ चं (मॅसीचंच मॉडेल), पुढची जाळी तीच, रंग लाल, इंजिन ३ सिलिंडर, पुढचा एक्सल मागे वळलेला आणि त्याला दोन्ही बाजूनी रॉड. आमच्याकडं उसाच्या पट्ट्यात १०३५ इतके आहेत की लहान पोरगं पण लांबनं ओळखतं. १९६० साली मद्रासला टॅफे सुरू झाली, मॅसीचे ट्रॅक्टर तिथं बनायला लागले, इंजिन पण तिथल्याच सिम्पसनचं, त्यामुळं स्पेअर तालुक्याच्या गावाला कुठंही मिळतात. शेडमधे बघायला आलेला प्रत्येक जण मॅसीच म्हणला. कंपनीची नंबर प्लेट नाही, जिथं ती असावी तिथं रिबिटाची भोकं तेवढी राहिलेली.

पहिली शंका आली ती पंक्चरमुळं. मागचं डावं चाक काढलं ट्यूबसाठी आणि बघतो तर आत ड्रमच नाही. मॅसी ३५ ला ब्रेकचा ड्रम अगदी एक्सलच्या टोकाला, चाकाच्या लगेच आत असतो, १४ इंची, चुकून पण नजरेतनं सुटत नाही. इथं नुसता गुळगुळीत एक्सल. मग ब्रेकच्या पेडलापासनं रॉड कुठं जातोय ते हातानं चाचपत गेलो तर तो सरळ गिअरबॉक्सच्या मागच्या भागाजवळ, दोन्ही बाजूला एकेक गोल झाकण आहे तिथं गेला. झाकण उघडलं, आत डिस्क. तेलात भिजलेल्या, गंजून एकमेकाला चिकटलेल्या, खरं डिस्कच. जुन्या मॅसीला हे नसतं. आणि उजव्या पायाजवळ अजून एक पेडल होतं, मी ते कुणीतरी मागनं बसवलेलं समजत होतो, ते डिफरेन्शियल लॉकचं (मागची दोन्ही चाकं सारखी फिरायला लावणारं) निघालं. हे दोन्ही एकत्र म्हणजे डोक्यात एकच नाव येतं, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा बी-२७५.

माझ्या मदतीला जे मिस्त्रीआण्णा येतात त्यांना सांगितलं तर म्हणले, "काय बघूलालास एवढं? मॅसीच हाय की ते, बॉनेटवर लिवलंय."

मी म्हणलं आण्णा, गिअर मोजूया. हेड काढलेलंच होतं त्यामुळं कॉम्प्रेशन नाही, पुढच्या पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरतं. मागची दोन्ही चाकं उचलून लाकडी ठोकळ्यावर घेतली, टायरवर खडूनं खूण केली, आण्णा पाना फिरवतायत आणि मी एकेक गिअर टाकून चाक किती फिरलं ते वहीत लिहितोय असा कार्यक्रम दुपारभर चालला. चाकाचं मोजताना एक ध्यानात ठेवा, दोन्ही चाकं सारखी फिरतायत का बघायचं, एक थांबलं तर दुसरं दुप्पट फिरतं आणि सगळा हिशोब चुकतो. आम्ही सरळ डिफरेन्शियल लॉक दाबून धरला. निघाले ८ पुढचे आणि २ रिव्हर्स, म्हणजे ४ गुणिले हाय-लो (जलद आणि सावकाश). मॅसी ३५ चा बॉक्स ३ गुणिले हाय-लो असा ६ पुढचे, २ मागचे. तेव्हा आण्णांनी पाना खाली ठेवला आणि स्वतःच खाली वाकून घासायला लागले.

रंगानं तर सगळ्यात जास्त सांगितलं. जुन्या मॅसीचा पत्रा लाल आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचं हाउसिंग करडं असायचं. इंटरनॅशनल वरपासून खालपर्यंत लाल. आमच्या ट्रॅक्टरचं मागचं हाउसिंग करडंच दिसत होतं, खरं ब्लेडनं हळूहळू खरवडलं (वायर ब्रश लावू नका, थर एकदम निघतात आणि पुरावा जातो) तर वर ऑइल-मातीचा थर, मग करडा, आणि करड्याच्या खाली अगदी कास्टिंगला चिकटून लाल. जिथं हात पोचत नाही, पीटीओच्या (अवजार फिरवणारा मागचा दांडा) वर आणि लिफ्टच्या खाली, तिथं तर करडा मारलेलाच नाही, जुना लाल तसाच आहे. म्हणजे कुणीतरी मुद्दाम मॅसीसारखं दिसावं म्हणून रंगवलेलं.

आणि मग नंबर. प्लेट पडते, विकली जाते, बदलली जाते, लोखंडात ओतलेला नंबर मात्र ओतलेलाच राहतो. दरवर्षीच्या खंडेनवमीचं कुंकू, अंगारा, ऑइल आणि धूळ मिळून क्लच हाउसिंगच्या बाजूला बोटभर जाडीचा थर बसला होता. डिझेलमधे भिजवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवलं आणि सकाळी लाकडी चमच्यानं काढलं. खाली सहा आकडे आणि शेवटी 'आर १'. मॅसीच्या पार्ट नंबरात आकड्यांनंतर 'एम' येतो, एम १, एम ९१ असं. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या नंबरात 'आर' येतो. मागच्या हाउसिंगवर पण आर, लिफ्टच्या झाकणावर पण आर. पुढच्या एक्सलच्या ब्रॅकेटवर बघितलं, तिथं एम. त्या सकाळी मला खरंच लई आनंद झाला, कारण एका ओळीत सगळं कळलं, ट्रॅक्टर मधोमध दोन घरचा आहे.

हे शक्य कसं होतं ते नवीन लोकांसाठी सांगतो. या ट्रॅक्टरला ट्रक-जीपसारखी लांब चेसिस नसते. मॅसीत इंजिन हाच कणा, त्याला पुढं एक्सलचं ब्रॅकेट, मागं क्लच हाउसिंग बोल्टनी जोडलेलं. त्यामुळं दुसरं इंजिन घालायचं म्हणलं की इंजिनासोबत एक्सल, रेडिएटर, बॉनेट असा पुढचा अर्धा ट्रॅक्टरच येतो. आमच्यात इंजिन आणि क्लच हाउसिंगच्या मधे एक जाड लोखंडी प्लेट आहे, सुमारे २० मिमी, दोन्हीकडं वेगवेगळ्या मापाची भोकं. प्लेट इतकी सुबक फेस केलेली आहे की ती चांगल्या लेथवरच झाली असणार. आपल्या उद्यमबागेत फाउंड्री आणि मशीन शॉप गल्लोगल्ली आहेत, तिथं असलं काम करणारे हात तेव्हा पण होतेच. बॉनेट आणि डॅशबोर्डच्या मधे जी पत्र्याची पट्टी होती आणि मला पहिल्या दिवसापासनं खटकत होती तिचं कारण पण हेच, मापं जुळत नव्हती म्हणून फट बुजवलेली.

इंजिनचं माप : बोअर ९१.४ मिमी (एक सिलिंडर झिजून ९१.६ झालाय), स्ट्रोक १२७. तीन सिलिंडरचे मिळून २५०० सीसी, म्हणजे मॅसीत यायचं त्या पर्किन्स ३.१५२ च्या घराण्यातलं. पिस्टनच्या डोक्यावर वाटी आहे, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, डिझेल सरळ सिलिंडरमधे फवारतं. मॅसी ३५ ला १९५९ पासून जे ३ सिलिंडर ए३.१५२ येत होतं ते इनडायरेक्ट, त्यामुळं हे इंजिन त्यानंतरच्या एडी प्रकारचं. बी-२७५ चं मूळ इंजिन बीडी-१४४, चार सिलिंडर, १४४ घनइंच म्हणजे २.३६ लिटरच्या आसपास, ३५ एचपी. दोन्ही ताकदीला जवळपास सारखी म्हणून मागच्या गिअरबॉक्सला इतकी वर्षं त्रास झाला नाही असं मला वाटतं, दात बघितले, चांगले आहेत. टायरवरनं ओळखायला जाऊ नका, मागं २८ आणि पुढं १६ इंच दोघांना पण चालतात.

वर्ष काढायला परत चिकोडीकडं गेलो, ज्या आज्जींकडनं ट्रॅक्टर घेतला त्यांच्याकडं. फोटो दाखवले, कास्टिंगचं सांगितलं. त्या म्हणल्या, "आमच्या मालकांनी आणलं तवा इंटरनॅशनलच म्हणत होते बाळा. तोंड मागनं बसवलं." मग सगळं सांगितलं. कारखान्याला ऊस घालायच्या सीझनमधे ऐन वक्ताला इंजिनच्या ब्लॉकला चीर गेली, तसला ब्लॉक मिळेना, ऊस तोडणारी टोळी येऊन बसलेली, फडात ऊस वाळायला लागलेला. पाहुण्यांचा एक मॅसी अपघातात मागनं मोडला होता, त्याचं पुढचं धड बैलगाडीतनं आणलं आणि आठ दिवसात दोन्ही जोडून ट्रॅक्टर परत फडात. आज्जी बोलताना थांबल्या, म्हणल्या तेनी आठ दिवस घरात जेवले नाहीत, मिस्त्रीबरोबर तिथंच भाकरी खाल्ली.

मग ट्रंक काढली. त्यात आरसीचं एक पान, कडा कुरतडलेल्या, वर सरकार म्हणून म्हैसूरचं नाव. आपलं राज्य म्हैसूरचं कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला, म्हणजे नोंदणी त्याच्या आधीची. आणि एक सर्व्हिसचं पुस्तक, पहिलं पान गेलेलं, खरं आतल्या कुपनवर इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया आणि व्होल्टासचं नाव. ही कंपनी १९६३ ला महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून काढली आणि १९६५ पासून बी-२७५ इथं बनायला लागला. त्यामुळं इंग्लंडच्या ब्रॅडफर्डहून आलेला असेल ही शक्यता संपली. ट्रॅक्टर १९६५ ते १९७३ मधला, भारतात बनलेला बी-२७५, पुढचा अर्धा मॅसीचा.

आता पुढचं काम. बरेच जण म्हणतायत की चार सिलिंडरचं बीडी-१४४ शोध, मूळ बॉनेट घाल, पूर्ण इंटरनॅशनल कर. मी ते करणार नाही. आठ दिवसात घरचं जेवण सोडून केलेली ती जोड त्या ट्रॅक्टरचीच आहे, ती प्लेट मी फक्त साफ करून, नवीन गॅस्केट घालून परत बसवणार. करडा रंग काढणार, मागचं हाउसिंग लाल होणार, बॉनेट मॅसीचंच राहणार.

एक गोष्ट मात्र बदलणारच. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडनं पुढच्या चाकाकडं जाणारा रॉड) मधे कापून, नळी घालून वेल्डिंग केलेली आहे. तेव्हाच्या घाईत केलं ते समजतो, खरं असल्या जोडावर रस्त्यावर ट्रॅक्टर काढायचा नाही, ट्रॉली असो नसो. ती लिंक मापाची एका तुकड्यात करून घ्यायला दिली आहे. तुमच्याकडं जोडलेला ट्रॅक्टर असेल तर इंजिनाआधी स्टिअरिंगचे सांधे बघा, आजच बघा.

ब्रेकच्या डिस्क आठवडाभर डिझेलात ठेवून सुटल्या, उजव्या बाजूची एक वापरण्यासारखी नाही. बी-२७५ ची डिस्क आणि ब्रेकच्या झाकणाचं ऑइल सील निपाणी, संकेश्वर, गोकाक, कुठं पण जुन्या स्टॉकमधे दिसलं तर सांगा. लायनर बदलून हेड बसवायचं आहे, खंडेनवमीला सुरू करून आज्जींच्या दारात न्यायचा आहे, नारळ त्यांच्याच हातनं फोडायचा.