फाइल तीनदा परत आली: उन्हाळी वर्गातला माहितीपट आणि न जुळणारा आवाज

दहावीची परीक्षा संपल्यावर पुण्यात एका महाविद्यालयाच्या तीन आठवड्यांच्या उन्हाळी वर्गात मी व्हिडिओ निर्मिती शिकले. चौघांचा गट, पाच मिनिटांचा माहितीपट, विषय आपला आपण निवडायचा. आम्ही कसबा पेठेतली तांबट आळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची वस्ती, घेतली. प्रवेश, पटकथा, कॅमेऱ्याचे तास हे सगळं सुरळीत पार पडलं.

अडलं ते शेवटच्या पाच दिवसांत. तयार फिल्म जमा करायला दिली आणि ती तीनदा परत आली. तिन्ही वेळा अर्जावर एकच शेरा: ‘आवाज जुळत नाही, फ्रेम रेट तपासा.’ (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र, आणि फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला अशी किती चित्रं, तो आकडा.) कितव्या मिनिटाला जुळत नाही, आवाज पुढे आहे की मागे, काही नाही. तपासणीची खोली दिवसातून दोन तास उघडी, उत्तर दुसऱ्या दिवशी. त्या शेऱ्यात आणखी पाच शब्द असते तर आमचे तीन दिवस वाचले असते, याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून तो शेरा हातात पडला तर काय तपासायचं, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी विषयाबद्दल एक गोष्ट. तांब्याचं भांडं मठारताना हातोडीचे ठोके एकामागून एक पडतात, आणि प्रत्येक ठोका डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो. बोलणाऱ्या माणसाचे ओठ दोन फ्रेम मागेपुढे असले तर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. हातोडी भांड्यावर टेकायच्या आधी ‘ठण्ण’ ऐकू आलं तर लगेच कळतं. निसर्गात आवाज नेहमी दृश्यानंतर पोचतो. त्यामुळे थोडा उशिरा आलेला आवाज आपण खपवून घेतो, आधी आलेला खटकतो. ढोलताशा, उखळ, लोहाराचा भाता, क्रिकेट, असं काही चित्रित करणार असाल तर हा त्रास तुम्हालाही होणार.

आमचं चित्रीकरण फोनवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर होता. पहिल्यांदा फाइल परत आली तेव्हा आम्ही आवाजाची पट्टी चार फ्रेम सरकवली. सुरुवात जुळली, शेवट आणखी बिघडला. दुसऱ्यांदा क्लिपचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा जुळवला. बराच वेळ गेला, आणि लांब तुकड्यांत तीच गत. इथे मुळात चूक ही होती की आम्ही दोन वेगळ्या आजारांवर एकच औषध देत होतो.

पहिला आजार: आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच अंतराने मागे किंवा पुढे. याला सरकवणं पुरतं. दुसरा आजार: सुरुवातीला बरोबर, मग हळूहळू निसटत जाणारा. याला सरकवून काही होत नाही. हे ओळखायला प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. सुरुवातीची टाळी सगळे वाजवतात, शेवटची कुणीच वाजवत नाही, आणि निदान होतं ते शेवटच्या टाळीवरूनच. आमच्याकडे ती नव्हती, पण हातोडीचे ठोके होते.

निसटणारा आवाजही दोन प्रकारचा असतो. क्लिपच्या मध्यावरचा एक ठोका आणि शेवटचा एक ठोका घ्या. शेवटी १२ फ्रेमचा फरक असेल आणि मध्यावर नेमका ६, तर निसटणं एकसारखं आहे. याचं नेहमीचं कारण ३० आणि २९.९७ या दोन जवळजवळच्या फ्रेम रेटमधला गोंधळ, किंवा दोन यंत्रांच्या घड्याळांतला फरक. ३० आणि २९.९७ मधला फरक ०.१ टक्का, म्हणजे मिनिटाला ०.०६ सेकंद. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये क्लिप ओळीने लावायची पट्टी) मिनिटाला दीड फ्रेम, दहा मिनिटांना १५. अशा वेळी आवाजाच्या क्लिपचा वेग तेवढाच कमी-जास्त केला की काम होतं.

आमच्याकडे मध्यावर २ फ्रेम होते आणि शेवटी ११. म्हणजे निसटणं एकसारखं नव्हतं. फोन प्रकाश कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो आणि सेकंदाला ३० ऐवजी २४-२५ फ्रेमच घेतो. पुन्हा उजेड मिळाला की ३० वर येतो. कॅमेरा दारातून आत अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळला, तिथून आमचं गणित बिघडलं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर आहेत असं धरून चालतं, त्यामुळे दृश्य आणि आवाज फारकत घेतात. वेगळा रेकॉर्डर नसला, आवाज फोनवरचाच असला, तरीही.

याची खात्री करायला मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. फाइल त्यात उघडा आणि ‘फ्रेम रेट मोड’ बघा. तिथे ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं असेल आणि खाली किमान व कमाल आकडे वेगळे असतील, तर मूळ तिथेच आहे. या तपासणीला मिनिटसुद्धा लागत नाही. ती एडिटिंग सुरू करण्याआधी, चित्रीकरणाच्या पहिल्या संध्याकाळी करा.

उपाय: फाइल नव्या रूपात बदलून देणारं हँडब्रेक, हेही मोफत. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेम रेट निवडा आणि ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर टिक करा. दर्जाचा आकडा २२ च्या आसपास असतो, तो १८ वर आणा. आकडा लहान तेवढा दर्जा चांगला आणि फाइल मोठी. कडा आपोआप कापण्याचा पर्याय बंद करा. मग या नव्या फाइल घेऊन एडिटिंग पुन्हा सुरू. होय, पहिल्यापासून. जुन्या टाइमलाइनवर क्लिप बदलून भागवायचा प्रयत्न आम्ही केला, कापलेल्या जागा सरकल्या.

तिसऱ्यांदा फाइल परत आली ती यानंतर. शेरा तोच, पण या वेळी आवाज जुळला होता; चूक फ्रेम रेटची होती. वर्गाने मागितले होते २५ फ्रेम आणि आमचा प्रोजेक्ट होता ३० चा. दाविंची रिझॉल्व्ह या आमच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली क्लिप टाकताना ते विचारतं की प्रोजेक्टचा फ्रेम रेट क्लिपप्रमाणे बदलू का. घाईत ‘चेंज’ दाबलं गेलं, आणि क्लिप आत आल्यावर ते प्रोजेक्टचा तो आकडा बदलू देत नाही. रिकामा प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या सेटिंगमध्ये जाऊन आधी २५ करा, मग क्लिप आणा, आणि प्रश्न आला तर ‘डोन्ट चेंज’.

३० चं चित्रीकरण २५ मध्ये नेताना दर सहावी फ्रेम टाकली जाते. बसून बोलणाऱ्या काकांच्या शॉटमध्ये ते कळलं नाही, हातोडीच्या क्लोजअपमध्ये झटके दिसले. म्हणून एका सकाळी फक्त हातोडीचे शॉट नव्याने घेतले, थेट २५ वर. हे आधीच करायला हवं होतं. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात २५ चा पर्याय नसला तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप घ्या. त्यात फ्रेम रेट, शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश मिळतो), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) चारही कुलूपबंद करता येतात. आयएसओ आणि शटर स्थिर ठेवलं की अंधारात फोन स्वतःहून फ्रेम कमी करत नाही.

शटर १/५० सेकंदावर ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. १/५० किंवा १/१०० वर प्रत्येक फ्रेमला प्रकाशाचे पूर्ण हेलकावे मिळतात. १/६० ठेवलं की पडद्यावर आडवे काळे पट्टे सरकतात, आणि ते एडिटिंगमध्ये सहजासहजी जात नाहीत. स्वस्तातले काही एलईडी दिवे तरीही फडफडतात, त्यांच्यासाठी आधी दहा सेकंद घेऊन बघा. एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर संगणकावर तांब्याचा रंग जळकट केशरी दिसतो.

आवाजाबद्दल. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) ठेवा, ४४.१ वर नको. ठोक्यांसाठी आणि बोलण्यासाठी पातळी एकच ठेवून चालत नाही. बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास बसवलं की पहिलाच ठोका शून्याला, म्हणजे वरच्या मर्यादेला, जाऊन फाटतो, आणि फाटलेला आवाज कशानेच शिवता येत नाही. मुलाखत काम थांबवून घ्या, ठोके वेगळे घ्या आणि तेव्हा पातळी पुरेशी खाली आणा. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून तीस सेकंद नुसता त्या जागेचा आवाज घ्या, कापलेल्या जागा भरायला तो लागतो. रेकॉर्डर काम करणाऱ्याजवळच ठेवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १४ मीटरवर जवळजवळ एक पूर्ण फ्रेम उशीर. बोळाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला माइक म्हणजे आणखी एक घोळ.

जुळवणी हाताने करत बसू नका. रिझॉल्व्हमध्ये दोन्ही क्लिप निवडून ‘ऑटो सिंक ऑडिओ’ मध्ये वेव्हफॉर्मचा, म्हणजे दोन आवाजांचे आलेख जुळवण्याचा, पर्याय घ्या. पण फोनवरचा आवाज बंद केलेला असेल तर ते जुळवणार कशाशी? तो नेहमी चालू ठेवा, कितीही वाईट असला तरी.

फुटेज एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, ते पिळून निघतं. पाठवायचंच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. खरं तर पेनड्राइव्ह बरा.

मराठी नावांचं राहिलं. काही टायटल साधनांत जोडाक्षरं सुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते. ‘त्वष्टा’ आमच्याकडे चार तुकड्यांत आला होता. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या पसंतींमध्ये ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हे टेक्स्ट इंजिन निवडलं की नीट येतं. दुसरीकडे जमलं नाही तर नावं लिबरऑफिसमध्ये लिहून, पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी चित्र करून टाइमलाइनवर ठेवा. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करा, नाहीतर अक्षरांऐवजी चौकोन किंवा भलतीच चिन्हं.

जमा करताना फाइलची मर्यादा ५०० एमबी होती. हिशोब सोपा आहे: पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, सेकंदाला १० मेगाबिट धरले तर ३००० मेगाबिट, भागिले ८, म्हणजे ३७५ एमबी. १०८० पी (फुल एचडी) ला १० मेगाबिट पुरतात.

चौथ्यांदा मी फाइलबरोबर मीडियाइन्फोच्या पानाची छापील प्रत जोडली: २५, कॉन्स्टंट, ४८ किलोहर्ट्झ, अधोरेखित करून. शिवाय सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या ठोक्याची वेळ मिनिट-सेकंदात लिहून दिली. तपासणाऱ्या सरांनी तीन ठिकाणी थांबवून पाहिलं, तिन्ही ठोके बरोबर बसले होते. त्याच दुपारी अर्जावर सही झाली.