तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी करणाऱ्यांनी कुत्रा पाळावा का?

"आम्ही दोघंही नोकरीला, दिवसभर घरी कोणी नसतं, तरी कुत्रा पाळला तर चालेल का?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो, बहुतेक वेळा ऑफिसातच, कारण माझ्या काळ्या पँटवर कुत्र्याचे केस दिसतात आणि विषय निघतो. आणि विचारणाऱ्याला खरं तर सल्ला नको असतो, "हो घ्या की" एवढंच ऐकायचं असतं, पिल्लाचा फोटो आधीच फोनमध्ये असतो आणि नावही ठरलेलं असतं. मग मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते. म्हणून म्हटलं एकदा बसून नीट लिहावं.

माझं उत्तर सरळ आहे. पाळता येतो, पण दुपारी येऊन दार उघडणारं कोणीतरी हवं. तो माणूस नसेल तर नका पाळू. ब्रीड कुठली, फ्लॅट केवढा, गॅलरी आहे की नाही, हे सगळं त्याच्या नंतर.

लोक म्हणतात "आठ तासांचा तर प्रश्न आहे". अहो कुठले आठ? ऑफिस आठ-नऊ तास, जेवणाची सुट्टी त्यातच, जायला एक तास, यायला एक तास, येता येता भाजी घेतली, कोणाचा तरी सेंडऑफ निघाला, झाले की अकरा. कुत्र्याच्या बाजूने बघा, सकाळी घाईघाईत दहा मिनिटं खाली नेऊन आणलं आणि दार बंद झालं ते अंधार पडल्यावर उघडलं. धडधाकट मोठा कुत्रा सहा ते आठ तास शू धरून ठेवू शकतो, म्हणजे ठेवू शकतो, त्याला ते बरं वाटतं असं नाही. आपल्याला कोणी अकरा तास बाथरूमला जाऊ दिलं नाही तर आपण एचआरकडे तक्रार करू.

स्वीडनमध्ये यासाठी नियमच आहे, घरात ठेवलेल्या कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर न्यायचं, पिल्लू किंवा म्हातारा असेल तर त्याहून जास्त वेळा. ब्रिटनमधली डॉग्ज ट्रस्ट ही संस्था तर साधारण चार तासांच्या वर एकटं ठेवू नका म्हणते. मी चारवर अडून बसत नाही, कारण मग नोकरी करणाऱ्या कोणालाच कुत्रा पाळता येणार नाही आणि तिकडे कितीतरी कुत्रे घराची वाट बघत पडलेत. पण सहाच्या पुढे कोणी मला पटवून दाखवू शकलेलं नाही.

आता तो एकटा असताना करतो काय? आमचा भुऱ्या काय करतो ते मला माहीत आहे कारण जुना फोन कपाटावर टेकवून रेकॉर्डिंग करते अधूनमधून. अत्यंत बोअर व्हिडिओ आहे. दार बंद झालं की थोडा वेळ दाराकडे तोंड करून उभा राहतो, मग खालच्या फटीला नाक लावून दोनतीनदा जोरात हुंगतो, आत येतो, एक मोठा सुस्कारा सोडतो आणि माझ्या बाजूच्या उशीवर मुटकुळं करून पडतो (जिथे त्याला चढायची परवानगी नाही, मी घरात असताना तो तिकडे बघतसुद्धा नाही). मग झोप. लिफ्टचा आवाज आला की डोकं न उचलता एक कान फक्त वळतो, आपल्या मजल्यावर थांबली नाही हे कळलं की कान परत जागेवर. मध्ये उठून पाणी पितो, कूस बदलतो. पण दुपार कलली की चित्र बदलतं, झोप संपलेली असते, तो उठून दाराशी जाऊन बसतो, परत येतो, परत जातो. माझ्याकडे दुपारी त्या सुमाराला एक कॉलेजचा मुलगा येतो त्याला फिरवायला. तो ज्या दिवशी उशिरा येतो त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये या दाराच्या फेऱ्या वाढत जाताना स्पष्ट दिसतात.

मोठे कुत्रे दिवसाचा अर्धा वेळ तरी झोपूनच काढतात, उत्साह असतो तो सकाळ-संध्याकाळ. त्यामुळे तुम्ही ऑफिसला गेलात की तो दिवसभर खिडकीत बसून अश्रू ढाळतो वगैरे काही नाही, तेवढं अपराधी वाटून घेऊ नका. स्वीडनमध्येच 2011 साली याच्यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. बारा पाळीव कुत्र्यांना त्यांच्याच घरात अर्धा तास, दोन तास आणि चार तास असं एकटं ठेवून कॅमेऱ्यात बघितलं, तर एकटे असताना ते बहुतेक वेळ पडून होते. फरक दिसला तो मालक परत आल्यावर, अर्ध्या तासापेक्षा दोन तासांनी आलेल्या मालकाचं स्वागत जास्त जोरात झालं, शेपूट हलवणं, अंगाशी येणं वगैरे. दोन आणि चार तासांत मात्र विशेष फरक नाही. हे वाचून लोक खूश होतात, "बघा, त्यांना वेळ कळतच नाही". तर तसं नाही हां, कळत नाही की कळतं पण दाखवत नाहीत हे त्या अभ्यासातून सांगता येत नव्हतं. शिवाय ते सगळे कुत्रे एकटं राहण्याचा काहीच त्रास नसलेले निवडले होते आणि चार तासांवर थांबले होते, तुमच्या अकरा तासांबद्दल त्यात एक अक्षर नाही.

आणि ज्यांना त्रास असतो त्यांचं वेगळंच असतं. माझ्या एका मैत्रिणीच्या घराचं दार आतून बघितलंय मी. कडीच्या खालचा रंग गेलेला, लाकडाच्या उभ्या चिरफळ्या निघालेल्या, आणि चौकटीच्या कडेला दातांच्या खुणा, त्यातल्या काही तपकिरी, ते त्याच्याच हिरड्यांचं रक्त. ती म्हणायची "बदला घेतो मेला, मी गेल्याचा राग काढतो". राग नसतो हो तो, घाबरलेला असतो. रागावलेला किंवा कंटाळलेला कुत्रा चप्पल फाडेल, उशी फाडेल, मजेत फाडेल. घाबरलेला कुत्रा दार नाहीतर खिडकीच धरतो कारण तुम्ही तिथून गेलात. लाळ गळते, धापा टाकतो, घरभर येरझाऱ्या घालतो, घरात कधी शू न करणारा करून ठेवतो, आणि हे बहुतेक वेळा तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतं. म्हणून तुम्हाला पत्ता नसतो, शेजारच्या काकूंना असतो. कुत्रा आणल्यावर पहिल्यांदा त्यांच्याकडे जाऊन विचारा, "आम्ही गेल्यावर रडतो का हो?" त्यांनी स्वतःहून सांगायला येईपर्यंत थांबू नका, तेव्हा त्या चिडून आलेल्या असतात.

आणि घरी आल्यावर पसारा बघून ओरडण्यात काही अर्थ नाही, त्याला केलेल्या गोष्टीशी तुमच्या ओरडण्याचा संबंध जोडता येत नाही. "पण तो बघा ना कसा चोरासारखा बघतो, त्याला कळतं!" हे प्रत्येक जण म्हणतो. 2009 मध्ये अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी नेमकं हेच तपासलं होतं. मालकाने बिस्किट खायचं नाही म्हणून सांगून खोलीबाहेर जायचं, मागे कधी कुत्र्याला ते मिळायचं कधी नाही, आणि मालकाला कधी खरं सांगायचे कधी खोटं. तर तो चोरटा चेहरा कुत्र्याने खाल्लंय की नाही यावर ठरतच नव्हता, मालक ओरडला की दिसायचा, न खाता ओरडा बसलेल्यांचा तर उलट जास्त. म्हणजे तो आपल्या आवाजाला घाबरलेला चेहरा आहे. दिवसभर घाबरून काढलेल्या जिवाला संध्याकाळी परत घाबरवायचं, हे आपण पाळलंय म्हणतो.

यावर उपाय आहेत, पण वेळखाऊ. किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवायच्या, बाहेर जाऊन दहा सेकंदांत आत यायचं, मग मिनिट, मग पाच, तो घाबरायच्या आत परत यायचं हे मुख्य. गरज पडली तर डॉक्टर औषधंही देतात आणि ती घ्यायला लाजू नये. पण गोम अशी की हे शिकवणं चालू असताना त्याला पूर्ण दिवस एकटं ठेवता येत नाही, नाहीतर सकाळी शिकवलेलं दुपारपर्यंत पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा फिरून तोच प्रश्न, दुपारी कोण आहे.

पिल्लाचं तर मी स्पष्टच सांगते, दोघंही पूर्ण वेळ बाहेर असाल तर पिल्लू आणूच नका. पिल्लाचा हिशोब ढोबळमानाने असा असतो की जितके महिने वय त्यात एक मिळवा, तेवढे तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन तास, तेही नशीब चांगलं असेल तर. आणि साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की माणसं, आवाज, गाड्या, इतर कुत्री, जे काय बघायचं, ज्याची सवय व्हायची ती तेव्हा सगळ्यात सहज होते. तो काळ त्याने बाथरूममध्ये कोंडून वर्तमानपत्रावर काढला तर पुढे ते प्रत्येक स्कूटरला भुंकतं आणि आपण म्हणतो ब्रीडच तसली. लोक आठवड्याची सुट्टी काढतात पिल्लासाठी आणि त्यांना वाटतं झालं. नव्याचे नऊ दिवस सुट्टीतच संपतात, दहाव्या दिवशी ऑफिस सुरू होतं आणि त्याच दिवशी ते पिल्लू आयुष्यात पहिल्यांदा एकटं पडतं, तेही एकदम दिवसभर.

त्यापेक्षा तीन-चार वर्षांचा शांत कुत्रा दत्तक घ्या. त्याचा स्वभाव कळलेला असतो, एकटा राहतो की नाही हे सांभाळणाऱ्यांना विचारता येतं. बॉर्डर कॉली किंवा हस्की नको, त्यांना कामासाठीच तयार केलेलं आहे, काम दिलं नाही तर ते स्वतः शोधतात आणि ते तुम्हाला आवडणारं नसतं.

दुपारचा माणूस म्हणजे कोणीही असू शकतं, पैसे देऊन ठेवलेला वॉकर, रिटायर झालेले शेजारी ज्यांना कुत्रा आवडतो पण पूर्णवेळ झेपत नाही, घरी येणाऱ्या मावशी तयार असतील तर त्या, किंवा नवरा-बायकोपैकी एकाची शिफ्ट वेगळी असेल तर तेही. डे-केअर असेल तर आधी जाऊन बघून या, किती कुत्र्यांमागे किती माणसं आहेत ते मोजा, सगळ्यांनाच तो कल्ला मानवत नाही. फक्त जो कोणी असेल तो पक्का हवा आणि त्याच्या गैरहजेरीत दुसरा कोण हेही ठरलेलं हवं. कॅमेरा हा माणूस नव्हे. हल्ली त्या कॅमेऱ्यातून कुत्र्याशी बोलता येतं, मीटिंगमध्ये बसून "भुऱ्या नो!" करता येतं, पण ते उंटावरून शेळ्या हाकणं आहे, शू लागलेल्याला कॅमेरा खाली नेत नाही.

आता दुसरी बाजू. घरात माणसं आहेत म्हणजे कुत्रा सुखात आहे असं मुळीच नाही. माणसांनी भरलेल्या घरात गॅलरीत दोन फूट साखळीला दिवसभर बांधलेले कुत्रे मी पाहिलेत, त्यांच्याशी कोणी एक शब्द बोलत नाही, आणि तीच माणसं मला विचारतात "तुमचा बिचारा एकटा कसा राहतो?" दुपारची सोय असलेला आणि सकाळ-संध्याकाळ नीट फिरणारा नोकरदाराचा कुत्रा त्यांच्यापेक्षा कितीतरी बरा. नीट फिरणारा म्हणजे त्याच्या वेगाने, त्याला हुंगू देत, एका खांबापाशी तीन मिनिटं लागली तर लागू देत. फोन बघत पट्टा ओढत घरी आणणं याला फिरवणं म्हणत नाहीत.

इथेच खरं घोडं पेंड खातं, कारण यात तुमची संध्याकाळ जाते. दिवसभराची किंमत तो देतो म्हटल्यावर संध्याकाळची तुम्ही द्यायची. ऑफिसनंतरचा सिनेमा, जिम, मित्रांबरोबर बसणं, सगळ्याच्या आधी घरी जाऊन येणं आलं, पाऊस असो की ताप असो. हे दहा-बारा वर्षं. आणि त्यातल्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत म्हाताऱ्या कुत्र्याला परत पिल्लासारखं दर थोड्या तासांनी बाहेर न्यावं लागतं, तेव्हा दुपारचा एक माणूस पुरत नाही, दोनदा येणारा लागतो.

"मग सोबतीला दुसरा कुत्रा आणला तर?" हे पुढचं हमखास येतं. कंटाळ्यासाठी ठीक, पण माणूस नाही म्हणून घाबरणाऱ्याला कुत्र्याची सोबत सहसा पुरत नाही, आणि शू दोघांनाही लागते.

नक्की ठरत नसेल तर कोणाचा तरी कुत्रा ते गावाला जाणार असतील तेव्हा घरी ठेवून घ्या, पण सुट्टी न काढता, रोजच्यासारखं ऑफिसला जाऊन. ऑफिसातल्या एकाने केलं हे. तिसऱ्या दिवशी डोळे चोळत आला, म्हणाला सकाळी साडेपाच, दुपारी बायको टॅक्सी करून घरी, रात्री परत फेरी, आम्हाला नाही जमणार. त्याने पिल्लाचा फोटो डिलीट केला आणि मला विचारलं, "मग मांजर?"

मांजराचं मला काही कळत नाही, ते अकाउंट्समधल्या बाईंना विचारा, त्यांच्याकडे तीन आहेत.