न्यूयॉर्कचा कायदा आणि दारव्ह्याकडचं वर्कशॉप

गावाकडून फोन आला की एक प्रश्न ठरलेला: तिकडं अमेरिकेत खरंच कोणाहीजवळ बंदूक असते का? न्यूयॉर्क राज्यात परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही, हे मी दरवेळी सांगतो. पण शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, याचा सराव माझ्या मुलीच्या वर्गाकडूनही करून घेतात. दिवे बंद, दाराला कडी, सगळी पोरं भिंतीला टेकून चिडीचूप. दुसरीतली पोर घरी येऊन हे सांगते तेव्हा पोटात गोळा येतो. तेव्हा पुढचं वाचून मी बंदूकवाल्यांच्या बाजूचा आहे असं कोणी समजू नये.

सध्या इथं वाद पेटलाय तो घरगुती थ्रीडी प्रिंटरवरून. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत वस्तू घडवणारं हे टेबलावर मावणारं यंत्र. २०१३ मध्ये टेक्सासच्या कोडी विल्सननं त्यावर एका गोळीचं पिस्तूल छापलं आणि आराखडे इंटरनेटवर टाकले. सरकारनं ते उतरवायला लावेपर्यंत लाखभर डाउनलोड झाले होते. पुढं डिसेंबर २०२४ मध्ये मॅनहॅटनमध्ये ब्रायन थॉम्पसन या आरोग्य विमा कंपनीच्या प्रमुखाचा भररस्त्यात खून झाला. पकडलेल्या संशयिताजवळचं पिस्तूल प्रिंटरवर बनवलेलं दिसतं, असं पोलिसांनी सांगितलं आणि कायद्याच्या मागणीनं जोर धरला.

बिननंबरच्या, म्हणजे माग काढणं अवघड असलेल्या बंदुकांवर बंधन हवंच. सुटे भाग जोडून बंदूक करण्याच्या किटवरही नंबर हवा आणि घेणाऱ्याची चौकशी व्हावी, हा केंद्राचा नियम इथल्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी उचलून धरला. मला तो पटतो. पण जानेवारी २०२६ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर कॅथी होकुल यांनी मांडलेला प्रस्ताव निराळा आहे. बंदुकीचा भाग ओळखून तो छापायला नकार देणारी यंत्रणा प्रिंटरमध्येच बसवा, असं तो कंपन्यांना सांगतो. वॉशिंग्टन राज्यात आणि कॅलिफोर्नियातही त्याच वर्षी असेच प्रस्ताव आले.

आता हे यंत्र चालतं कसं ते बघा. त्याला वस्तू कळत नाही. त्याला मिळते फक्त हुकमांची लांबलचक यादी: एवढं डावीकडं सरक, एवढं वर जा, एवढं प्लास्टिक सोड. त्यातून बंदूक ओळखायची तर प्रत्येक आकार बंदी घातलेल्या आकारांशी ताडून बघावा लागेल, आणि त्या आकारांची यादी ताजी ठेवायची म्हणजे इंटरनेट आलं. ज्याच्या मनात पाप आहे तो तोच भाग दोन तुकड्यांत छापेल. अडकेल भलताच माणूस. २०१३ मध्येच इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या पोलिसांनी धाड टाकून छापलेल्या बंदुकीचे भाग सापडल्याचं जाहीर केलं होतं. जाणकारांनी फोटो बघून सांगितलं, अहो, हे तर प्रिंटरचेच सुटे भाग आहेत! डोळे असलेल्या माणसांची ही गत, तर सॉफ्टवेअरचं काय सांगावं.

माझ्या धाकट्या भावाचं यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडं रस्त्यालगत वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. त्यानं चिनी प्रिंटर घेतलाय. ऐन पेरणीत एका शेतकऱ्याच्या पेरणी यंत्राची, खाचांतून सोयाबीनचा एकेक दाणा सोडणारी चकती फुटली. सुटी चकती दुकानात नाही, बियाण्याची पूर्ण पेटी घ्या म्हणाले. जमिनीत ओल आहे तोवर पेरणं झालं पाहिजे, पेटीची वाट कोण बघणार? भावानं फुटके तुकडे जुळवले, व्हर्निअरनं खाचा मोजल्या, रात्री वीज होती तेवढ्यात चकती छापली आणि सकाळी बी हातानं फिरवून तपासलं. एका खाचेत दोन दाणे बसत होते, म्हणून कडा कानशीनं घासली. साधं पीएलए प्लास्टिक उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये वाकतं, म्हणून तो पीईटीजी हे जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक वापरतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

फवारणी पंपाच्या मुठीही तो करतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन किती माणसं गेली, हे आपल्याकडं कोणाला सांगायला नको. गळकी मूठ वेळेवर बदलली जाणं ही तिथं जिवाची गोष्ट आहे. आणि ती मूठ दिसते कशी? पकड, खटका, पुढं नळी. आकार बघून नकार देणारं यंत्र तिला काय समजेल?

कायदा न्यूयॉर्कचा, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून चालणार नाही. प्रिंटर बनतात मुख्यतः चीनमध्ये, आणि कंपनी एका राज्यासाठी वेगळं यंत्र का काढेल? मॅनहॅटनचे सरकारी वकील एल्विन ब्रॅग यांनी २०२५ मध्ये शेन्झेनच्या क्रियालिटी या प्रिंटर कंपनीला पत्र लिहून बंदुका ओळखणारं सॉफ्टवेअर बसवायला सांगितलंच आहे. कुलूप एकदा यंत्रात आलं की ते दारव्ह्यालाही पोचणार, जिथं पावसात दोन दोन दिवस रेंज नसते.

भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "दादा, बंदूक बनवनाऱ्याले पकडा ना बाप्पा. माह्या मशीनले काऊन कुलूप?" मला त्याचं पटतं. आपला १९५९ चा शस्त्र कायदा हेच करतो: विनापरवाना बंदूक बनवणं गुन्हा, मग ती लेथवर बनवा की प्रिंटरवर. गावठी कट्टे लेथवर होतात म्हणून कोणी लेथला कुलूप लावलं नाही. २०२२ मध्ये जपानचे माजी पंतप्रधान शिंजो आबे यांना मारणारं हत्यार तर धातूचे पाइप टेपनं बांधून केलेलं होतं.

इथल्या, न्यूयॉर्कमधल्या आमच्या भागाच्या आमदारांना मी हे सगळं लिहून पाठवलंय, चकतीच्या फोटोसकट. आणि गावाकडं कोणी प्रिंटर घ्यायच्या विचारात असेल तर एवढं बघा: मेमरी कार्डवर, इंटरनेटशिवाय चालतो ना, आणि आतलं सॉफ्टवेअर आपल्याला बदलता येतं ना. दुकानदाराला पैसे देण्याआधी वायफाय बंद करून एक वस्तू छापून दाखवायला सांगा.