धारेच्या दोन बाजू

डीएनएचा निकाल आला तेव्हा नव्या प्रजातीचं हस्तलिखित जवळपास तयार होतं. आकृत्या झाल्या होत्या, होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर प्रजातीचं नाव बांधलं जातं तो, ठरला होता, नावही ठरलं होतं. ते नाव इथे लिहीत नाही, कारण वर्णन रीतसर प्रसिद्ध झाल्याशिवाय प्राण्याचं नाव ग्राह्य धरलं जात नाही आणि आधीच फिरायला लागलेलं नाव पुढच्या अभ्यासकाला नाहक त्रास देतं. पश्चिम उतारावरच्या एका ओढ्यातले नमुने तेवढे तपासून यायचे होते. ते आले, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरा विषय नाही.

प्राणी आहे मेफ्लाय, ओढ्याकाठचा एक नाजूक कीटक. आयुष्याचा बहुतेक काळ तो निम्फ म्हणून, म्हणजे पंख फुटण्याआधीच्या पिल्लाच्या रूपात, पाण्यात, दगडांना धरून काढतो. पंख फुटल्यावर खाणंपिणं बंद, कारण तोंडाचे भागच कामाचे राहत नाहीत. मग काही तास, फार तर एक-दोन दिवस. आमचा निम्फ जेमतेम पाच मिलिमीटरचा, लेबियोबीटिस या वंशातला, महाबळेश्वरच्या पठारालगतच्या ओढ्यांमधला. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे, त्यामुळे खरं काम दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर. पूर्वेकडच्या ओढ्याचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं, पश्चिमेकडच्याचं सावित्रीतून अरबी समुद्राला. मधे डोंगराची धार. काही ठिकाणी ती इतकी अरुंद की एका बाजूच्या पाण्याचा आवाज दुसरीकडे उतरायला लागेपर्यंत कानात असतो.

पूर्वेकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना लागून ओढा जातो. जाळं लावून बसलो की कुणीतरी थांबतंच. ‘मासं गावत्यात का?’ म्हणून विचारणाऱ्या एका मामांना मी दगड उलटा करून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, ‘फवारणी झाली की ही दिसत न्हाईत.’ मेफ्लायचे निम्फ कीटकनाशकांना किती नाजूक असतात यावर बरंच संशोधन झालंय. मामांनी ते वाफ्याच्या बांधावर उभं राहून टिपलं होतं. उलट पर्यावरणाचे जे अहवाल माझ्यासमोर येतात, त्यांतल्या बहुतेकांत ‘मेफ्लाय – उपस्थित’ एवढ्यावर विषय संपतो. कुठली, किती, गेल्या वर्षी होती का, काही नाही. असल्या अहवालांवर परवानग्या दिल्या जातात याची मला चीड येते.

प्रजात ठरते ती मायक्रोस्कोपखाली. निम्फ लवंग तेलात पारदर्शक करून घ्यायचा, मग अतिशय बारीक सुयांनी तोंडाचा एकेक भाग सोडवायचा: वरचा ओठ, दोन्ही जबडे, मॅक्सिला, जीभ, खालचा ओठ. प्रत्येक भाग यूपॅरालच्या, म्हणजे स्लाइडवर नमुना पक्का करणाऱ्या चिकट द्रवाच्या, थेंबात, योग्य बाजू वर करून. वरच्या ओठाच्या कडेलगत केसांची एक कमान असते. त्या केसांची संख्या आणि त्यांचं रूप, म्हणजे साधे, भाल्याच्या पात्यासारखे की पिसासारखे फुटलेले, यावर या वंशातले गट पडतात. हा ओठ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. काच ठेवताना तो किंचित कलला तरी कमान मोजता येत नाही. आमच्या स्लाइडमध्ये पहिल्यापासून शेवटच्या केसापर्यंत कमान सलग दिसते, आणि त्याचा मला अभिमान आहे.

निकाल असा. मेफ्लायमध्ये बारकोडच्या, म्हणजे प्रजाती ओळखायला वापरतात त्या डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या, 658 अक्षरांत साधारण तीन-साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला की वेगळ्या प्रजातीचा संशय घ्यायचा, असा ढोबळ संकेत आहे. एकाच ओढ्यातल्या नमुन्यांत फरक जवळपास नव्हताच. धारेच्या दोन बाजूंमधला फरक मात्र या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे.

सगळ्या स्लाइड पुन्हा काढल्या आणि दिवसभर पूर्व-पश्चिम अशा जोडीजोडीने पाहिल्या. कमानीतले केस सारखे. खालच्या ओठाच्या पाल्पवरचा, म्हणजे त्याच्या सांधेदार उपांगावरचा, अंगठ्यासारखा उंचवटा सारखा. नखांवरचे दात सारखे. पोटाच्या चौथ्या खंडाच्या मागच्या कडेचे काटे पश्चिमेकडे जरा आखूड वाटले, पण मोजल्यावर दोन्हीकडची मापं एकमेकांत मिसळली. संध्याकाळी हातात एकही असं लक्षण नव्हतं जे किल्लीत, म्हणजे प्रजाती ओळखायच्या तक्त्यात, लिहावं आणि ज्यावरून दुसऱ्या कुणाला प्राणी ओळखता यावा.

मग प्रौढ नर हवा होता. पंखांचे कोष काळे पडलेले निम्फ, म्हणजे कात टाकायच्या बेतातले, जाळीच्या डब्यात घालून पश्चिमेच्या ओढ्यातच ठेवले. एक नर संध्याकाळी बाहेर आला, धुरकट पंखांचा. ही उपप्रौढ अवस्था. पंख उडण्याजोगे झाल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारे कीटक आजच्या जगात फक्त हेच. पहाटे त्याने ती टाकली. पाठ उकलली, डोकं बाहेर आलं, आणि मग पंखांतून पंख ओढून काढले, एकही सुरकुती न पडू देता. डोक्यावर उंच, गडद तांबूस डोळे. हा रंग अल्कोहोलमध्ये उडतो, म्हणून आधी फोटो, मगच कुपी. त्याच्या दोन्ही काती त्याच कुपीत. जननेंद्रियांची आकृती पूर्वेकडच्या नरावर ठेवली तर रेघ रेघेवर बसते. डोळ्यांचा रंग पूर्वेकडे फिकट आहे, पण एकेका नरावरून रंगाचं विधान मी करणार नाही.

अशा वेळी काही सहकारी टक्केवारीवरच दोन प्रजाती करून मोकळे होतात, तर काही जुने जाणते डीएनएचं नाव काढू देत नाहीत. दोन्ही मला आळस वाटतो. बारकोडचा जीन फक्त आईकडून येतो. तो एकटा सगळी कहाणी सांगत नाही, पेशीच्या केंद्रकातला, आईबाप दोघांकडून येणारा जीनही बघायला हवा. आणि या कुळातल्या माद्या अंडी घालायला प्रवाहाच्या वरच्या दिशेने उडतात. इतक्या अरुंद धारेवरून त्या पलीकडे जात नसतील? जात असतील तर एवढा फरक टिकला कसा? उत्तर माझ्याकडे नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘अरे, दोन्ही वेगळ्या म्हणून टाक. तो ओढा आटला तर तुझी खात्री घेऊन काय करायचं?’ त्यांचं म्हणणं मनाला लागलं, कारण पश्चिमेच्या ओढ्याच्या उगमावर एका रिसॉर्टचा पाइप बसलाय. हा भाग 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तरी बसलाय. नाव नसलेला प्राणी कुठल्याच यादीत येत नाही. पण लक्षणांशिवाय दिलेलं नाव पुढे कुणीतरी रद्द करतं, आणि मग त्या ओढ्यासाठी भांडणाऱ्याच्या हातातलं तेही जातं.

म्हणून वर्णन पूर्वेकडचंच. पॅराटाइपमध्ये, म्हणजे वर्णनाला आधार असलेल्या बाकीच्या नमुन्यांत, पश्चिमेचा एकही नमुना नाही. ते ‘सदृश’ म्हणून वेगळे नोंदवलेत आणि होलोटाइपबरोबर आकुर्डीला प्राणी सर्वेक्षण विभागात जमा होतील. चर्चेत एक परिच्छेद वाढवलाय: दोन्हीकडचे आकडे, न सापडलेली लक्षणं आणि उगमावरचा पाइप. मॅडम म्हणतात, परीक्षक पाइपचं वाक्य काढायला लावतील. दिवाळीनंतर धारेच्या दोन्ही बाजूंना डबे लावायचेत, या वेळी माद्यांसाठीही. पाइपच्या खाली पाणी उरलं असेल तर.