थांबवणारे कोणी नसताना

बॉक्सिंग शिकायचे ठरवले तेव्हा प्रशिक्षकाकडे ठरलेल्या वेळी जाणे मला शक्य नव्हते, म्हणून एक टांगती पंचिंग बॅग, ग्लोव्ह्जची जोडी आणि हातांना गुंडाळायच्या पट्ट्या एवढ्याच सामग्रीवर मी घरी सराव सुरू केला. जॅब, क्रॉस, हुक आणि अपरकट हे ठोसे कसे मारतात हे सांगणाऱ्या चित्रफिती हव्या तेवढ्या मिळाल्या. मला पुढे सतत उणीव भासली ती शिकवणाऱ्यापेक्षा ‘थांब, आता पुरे’ असे म्हणणाऱ्याची.

पहिल्याच आठवड्यात त्याचा प्रत्यय आला. बॅगवर जोरात ठोसा बसला की जो आवाज येतो त्याची गोडी लागते आणि त्या गोडीपायी मी दररोज पाऊण तास पूर्ण ताकदीने मारत राहिले. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांवर बसायला हवा आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ राहायला हवे, हे मला माहीत होते. पण दमल्यावर माझी मूठ वाकडी होत होती आणि भार करंगळीच्या बाजूला जात होता. तिथले तळहाताचे हाड चुकीच्या ठोशाने मोडण्याचे प्रमाण इतके आहे की त्या दुखापतीला बॉक्सरचेच नाव मिळाले आहे. माझे हाड वाचले, मनगट मात्र सुजले आणि 3 आठवडे बॅगला हात लावता आला नाही. सुमारे साडेचार मीटरची पट्टी कंटाळा करून निम्मीच गुंडाळायची, ही माझी सवयही त्याच वेळी सुटली.

त्या सक्तीच्या विश्रांतीत मी पायांकडे वळले आणि खरे शिकणे तिथे सुरू झाले असे मला वाटते. जमिनीवर चिकटपट्टीने रेघ आखून डावा पाय पुढे, उजवा मागे आणि थोडा बाजूला, मागची टाच किंचित उचललेली, अशा पवित्र्यात मी पुढे-मागे सरकण्याचा सराव केला. ज्या दिशेला जायचे त्या बाजूचा पाय आधी हलवायचा आणि दोन्ही पाय कधीही एकमेकांजवळ येऊ द्यायचे नाहीत, एवढी साधी गोष्ट अंगात मुरायला महिना लागला.

हात बरा झाल्यावर आरशासमोर शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारण्याचा सराव, सुरू केला. आरसा उपयोगी असला तरी थोडा लबाड असतो, कारण आपण त्यात पाहत असतो म्हणूनच नीट उभे राहतो. मोबाइल बाजूला ठेवून चित्रण केले तेव्हा दिसले की डाव्या हाताने जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारताना माझा उजवा हात गालापासून थेट छातीपर्यंत खाली येत होता आणि हनुवटी वर उचलली जात होती. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून जॅब मारण्याचा उपाय मी केला; चेंडू पडला की हनुवटी उचलली गेल्याचे लगेच कळते. सगळे दोष एकदम सुधारायला गेले की काहीच सुधारत नाही, म्हणून एका आठवड्यात एकच दोष पाहायचा असे ठरवले.

फेऱ्यांसाठी 1867 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉक्सिंगच्या क्वीन्सबेरी नियमांतले जुने माप घेतले: 3 मिनिटे सराव, 1 मिनिट विश्रांती. सुरुवातीला 2 फेऱ्यांतच खांदे भरून येत. फेरीत दोनदा गार्ड, म्हणजे चेहऱ्याच्या बचावासाठी वर धरलेले हात, खाली आला की घड्याळात कितीही वेळ उरला असला तरी तिथेच थांबायचे, हा नियम मी स्वतःला घालून घेतला, आणि तो पाळणे दोरीवरच्या उड्यांपेक्षा कितीतरी अवघड गेले.

बचाव मात्र एकटीने अर्धाच शिकता आला. खांद्याच्या उंचीवर दोरी बांधून तिच्याखालून डावी-उजवीकडे झुकण्याचा सराव मी केला, पण दोरी काही ठोसा मारत नाही. अखेर पूर्वी स्पर्धा खेळलेल्या एका मैत्रिणीला मी विनंती केली. डोक्याला स्पर्श करायचा नाही, उघड्या तळव्याने फक्त खांद्याला हात लावायचा, एवढेच तिने ठरवून दिले. पहिल्या काही मिनिटांतच तिचा तळवा माझ्या खांद्यावर इतक्या वेळा पडला की मी मोजणे सोडून दिले. प्रत्येक वेळी कारण एकच होते: ठोशांची मालिका संपली की मी होते तिथेच उभी राहत होते, कारण बॅगने मला तिथून हलायला कधी भागच पाडले नव्हते.

आता बॅगवरही शेवटच्या ठोशानंतर बाजूला पाऊल टाकते. चित्रणात दिसते की तिसऱ्या फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात ते पाऊल अजूनही विसरले जाते.