फोटोतली आठकोनी पितळी डबी

संग्रहालयाच्या नोंदणी विभागात काम करताना मला सगळ्यात जास्त ओढ असते ती 'हे काय आहे?' असं विचारणाऱ्या मेलची. माळ्यावरच्या ट्रंकेत, पाया खणताना, जुन्या कपाटाच्या चोरकप्प्यात लोकांना काहीतरी सापडतं. ते फोटो काढून पाठवतात. वस्तू हातात नसते. तिचं वजन कळत नाही, वास येत नाही, टिचकी मारून आवाज ऐकता येत नाही. जे काही शोधायचं ते त्या चौकटीतच.

त्या दिवशी आलेल्या मेलमध्ये दोन फोटो होते. आठ कोनांची एक पितळी डबी. पहिल्या फोटोत वरच्या बाजूला एक वाकडी दांडी, मधोमध फुलपाखरासारख्या डोक्याचा स्क्रू आणि कडेला एक छोटं बटण. दुसरा फोटो तळाचा. तळावर सहा-सहाच्या दोन ओळींत बारीक उभ्या पट्ट्या उठून दिसत होत्या. शेजारी ना मोजपट्टी, ना एखादं नाणं, त्यामुळे आकाराचा अंदाजच येईना. सोबत लिहिलं होतं, 'आजोबांच्या सामानात मिळालं. संगीतपेटी असावी असं वाटतं. बटण घट्ट बसलंय, तेल सोडून ठेवलंय.'

फोटो विभागात फिरला आणि अंदाज सुरू झाले. दांडी पाहून कुणी घड्याळाचा भाग म्हणालं. तळाच्या पट्ट्यांवरून दुसऱ्या सहकाऱ्याने चामड्यावर किंवा लाखेवर ठसा उमटवायचं साधन सुचवलं. हा अंदाज वाईट नव्हता. उठावदार पट्ट्या कशावर तरी दाबायच्या असतात, हा तर्क सरळ आहे. पण मग स्क्रू कशाला? आणि ठशाला बटण कशाला लागेल?

वस्तूला नाव देण्याआधी फोटोतला उजेड कुठून येतोय ते बघायचं, हा माझा शिरस्ता आहे. उजेड वरून येतो असं आपला मेंदू गृहीतच धरतो, कारण सूर्य वर असतो. म्हणून चंद्रावरच्या विवराचा फोटो उलटा धरला की खड्ड्याच्या जागी टेकडी दिसू लागते. फोटो तोच, डोळे तेच, पण खोल आणि उंच यांची अदलाबदल होते. या फोटोत डबीची सावली टेबलावर वरच्या दिशेला पडली होती. म्हणजे उजेड खालून, बहुधा फोटो काढणाऱ्याच्या बाजूच्या खिडकीतून आला होता. मी फोटो स्क्रीनवर उलटा फिरवला आणि उठावदार पट्ट्या आत गेल्या. त्या पट्ट्या नव्हत्याच. फटी होत्या. दोन ओळींत बारा फटी.

पट्टी असेल तर ती दाबायची, फट असेल तर तिच्यातून काहीतरी बाहेर यायचं. फोटो मोठा करून फटींच्या कडा पाहिल्या. प्रत्येक फटीच्या कडेवर तिच्या लांबीच्या दिशेने बारीक ओरखडे होते. आतून काहीतरी पातळ, धारदार वारंवार बाहेर येऊन परत गेलं होतं. आता वरची दांडी म्हणजे स्प्रिंग ताणायची, बटण म्हणजे ती सोडायची आणि स्क्रू म्हणजे पाती किती बाहेर यावीत ते ठरवायचा. हे रक्तमोक्षणाचं, म्हणजे उपचार म्हणून अंगातलं रक्त काढायचं यंत्र होतं, स्कॅरिफिकेटर. आणि पहिल्या फोटोत दांडी एका टोकाला पूर्ण ओढलेली दिसत होती.

मी उत्तर लिहीत बसले नाही, मेलखालच्या नंबरवर सरळ फोन लावला.

"बटणाला हात लावला नाहीत ना?"

"नाही मॅडम, तेल मुरतंय अजून. थोड्या वेळाने दाबून बघणार होतो."

"दाबू नका. आत पाती आहेत आणि स्प्रिंग ताणलेली वाटतेय. जवळ लहान मूल आहे का?"

मुलगी शेजारच्याच खोलीत होती. तिला बाहेर पाठवा, डबी आहे तिथेच असू द्या, तिला हात न लावता शेजारी मोजपट्टी ठेवून दोन फोटो काढा, असं मी सांगितलं. पाच मिनिटांत फोटो आले. एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत साडेचार सेंटीमीटर. या यंत्रांना साजेसंच माप. मग जाड हातमोजे घालून, फटी अंगापासून दूर ठेवून, डबी कापडात गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवायला सांगितलं.

एवढ्याशा डबीत बारा पाती मावतात यावर त्यांचा विश्वास बसेना. पाती अर्धवर्तुळाकार असतात, बटण दाबताच ती झटक्यात गरकन फिरतात आणि त्वचेवर एकाच वेळी बारा चिरा पडतात. त्याआधी काचेचा पेला आतून ज्योतीने तापवून अंगावर पालथा घालत. आतली हवा थंड झाली की पेला कातडी ओढून धरायचा आणि रक्त त्या जागी जमायचं. मग हे यंत्र, मग पुन्हा पेला. शरीरातल्या चार द्रवांचा तोल बिघडला की आजार होतो, ही ग्रीक-रोमन वैद्यकातून आलेली समजूत यामागे होती. अशी स्प्रिंगची यंत्रं अठराव्या शतकात आली आणि आठकोनी घडण एकोणिसाव्या शतकात खूप चालली. 1835 मध्ये पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरांनी न्यूमोनियाच्या रुग्णांची मोजदाद करून रक्त काढण्याचा फायदा फारच थोडा असल्याचं दाखवलं, तरी ही पद्धत लगेच थांबली नाही. मला स्वतःला या यंत्राची सगळ्यात भयंकर बाब वाटते ती त्याची सफाई. इतक्या बारीक पात्यांच्या मधल्या जागा पुसणार कशा? एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात जायला याहून सोपी वाट नसेल.

नाव सापडल्यावरही मी फोटो आमच्या ओळखीच्या, वैद्यकीय उपकरणं जमवणाऱ्या एका जाणकारांना पाठवला. नेमके डोळे मिळाले की काय होतं, याचं एक उदाहरण मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते. 1961 मध्ये कॅलिफोर्नियात खडे गोळा करणाऱ्या तिघांना मातीच्या टणक गोळ्यात एक यांत्रिक वस्तू सापडली. गोळा पाच लाख वर्षांचा आहे, असा दावा पुढे केला गेला आणि हरवलेल्या प्रगत संस्कृतीच्या गोष्टी रंगल्या. कितीतरी वर्षांनी तिचे एक्स-रे फोटो स्पार्क प्लगच्या संग्राहकांसमोर ठेवले गेले. त्यांनी सांगितलं, हा 1920 च्या दशकातला चँपियन कंपनीचा स्पार्क प्लग आहे. त्यांच्या हातांखालून असे शेकडो प्लग गेले होते.

आणि झीज दिसत नसली की जाणकारही अडतात. रोमन काळातले ब्राँझचे पोकळ बारा-पृष्ठक, म्हणजे बारा सपाट बाजूंच्या वस्तू, घ्या. ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीत असे शंभराहून जास्त सापडले आहेत. प्रत्येक पृष्ठावर वेगळ्या मापाचं गोल भोक, प्रत्येक कोपऱ्यावर गोळी. मेणबत्तीचा स्टँड, अंतर मोजायचं साधन, विणकामाचं साधन, सगळं सुचवून झालं. पण त्या काळच्या कुठल्याही लिखाणात त्यांचा उल्लेख नाही आणि वापराच्या ठरावीक खुणाही त्यांच्यावर दिसत नाहीत. हातांनी रोज वापरलेली वस्तू कुठेतरी गुळगुळीत होते, कुठेतरी ओरखडते. म्हणून लोकांनी फोटोआधी वस्तू घासून चकचकीत केली की मला खरंच वाईट वाटतं. आमच्या कामाचा अर्धा पुरावा त्या मळात आणि ओरखड्यांत असतो. या गृहस्थांनी डबी पॉलिश केली नव्हती, यासाठी मी त्यांचे मनापासून आभार मानले.

जाणकारांचं उत्तर दुपारी आलं आणि त्यांनीही तेच नाव सांगितलं. आठवडाभरात डबी आमच्या संवर्धन विभागात पोचली. तिथल्या सरांनी आधी स्क्रू फिरवून तळ पात्यांपासून जास्तीत जास्त लांब केला, मग झाकण उघडलं. स्प्रिंग खरोखरच ताणलेली होती. बाराही पाती जागेवर होती, काहींवर गंज चढला होता, पण धार शाबूत होती.

त्या गृहस्थांना एक प्रश्न छळत होता. "आजोबा डॉक्टर नव्हते, मग हे त्यांच्याकडे कसं?" हे काम करणारे सगळेच डॉक्टर नसत, कित्येक ठिकाणी न्हावी करत, काही ठिकाणी फक्त एवढंच काम करणारे लोक असत, असं मी सांगितलं आणि विचारलं, त्याच सामानात जाड काचेचे छोटे पेले आहेत का? ते क्षणभर थांबले. "आहेत ना. दिव्याच्या काचा समजून बाजूला ठेवल्यात."

संध्याकाळी पेल्यांचा फोटो आला, या वेळी मोजपट्टीसकट आणि बाजूने पडणाऱ्या उजेडात. चार पेले. काठ जाड आणि गोलसर, कातडीला कापू नये असे. तळ घुमटासारखा, त्यामुळे टेबलावर चारही आडवे पडलेले. सरळ उभे राहू न शकणारे पेले पिण्यासाठी नसतात, दिव्याच्या काचांना तळ नसतो. मी उत्तर पाठवलं की पेलेही पाठवा, न धुता, आणि डबीच्या नोंदीत त्यांच्यासाठी अ ते ड असे चार उपक्रमांक राखून ठेवले.