आता सुई मीच टोचते

गंगाखेडात कुणालाही सुई घ्यायची असली की दवाखान्यात जायचं, कंपाउंडर टोचणार, पैसे द्यायचे, विषय संपला. माझ्या सुईचं तसं नव्हतं. ती फ्रीजमधून निघते, दर दोन आठवड्यांनी लागते, आणि तिचा डबा बघितला की जो तो हात मागं घ्यायचा. "ताई ही कंपनीची सुई हाय, आमच्याकडं कुणी घेत नाही, काही झालं तर कोण बघंल?" एकानं तर कमरेत द्यायची तयारी केली होती, मी ओरडले म्हणून थांबला. ही सुई कातडीखाली द्यायची असते, मांसात नाही, आणि हे पेशंटनं सांगायचं म्हणजे काय बोलावं. बरं, कुणी तयार झालाच तर त्याच्या सवडीनं जायचं, बाकावर बसायचं, बाकावरच्या बाया विचारणार, काय झालं, शुगर का? नाही. मग? वात. वाताला सुई? एवढ्या तरण्या वयात? दिवाळीत तो गावाला गेला की माझी सुई फ्रीजमध्ये पडून आणि मी अंथरुणात. एका माणसाच्या मेहरबानीवर आपले हातपाय चालावेत हे मला सुईपेक्षा जास्त टोचायचं. शिकायचं खरं कारण हे, बाकी धाडस बिडस काही नाही.

मला आहे तो रुमेटॉइड, म्हणजे आमवात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो वेगळा, हे सांगून सांगून मी दमले. ह्यात आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठते. सकाळी तास दीड तास बोटं मिटत नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, आणि माझं काम म्हणजे सेवा केंद्र, दिवसभर कीबोर्ड आणि माउस. पीक विम्याच्या दिवसात तर बाहेर रस्त्यापर्यंत लाईन, सात-बारा, आधार, पासबुक, प्रत्येकाला घाई, आणि माझी बोटं शेवग्याच्या शेंगेतल्या बियांसारखी सांध्या-सांध्याला फुगलेली. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक ॲसिड, वरून हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सगळं करून झालं, काही दिवस बरं वाटायचं परत सूज. मग संभाजीनगरच्या डॉक्टर मॅडम म्हणल्या आता बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं प्रथिनाचं औषध, सुरू करू. अडालिमुमॅब, ४० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांतून एकदा.

मॅडमनी ते छान समजावलं होतं. टीएनएफ नावाचं एक प्रथिन शरीरात सूज पेटती ठेवतं, हे औषध त्या प्रथिनाला जाऊन धरतं आणि त्याला काम करू देत नाही. पण तेच टीएनएफ टीबीच्या जंतूंना कोंडून ठेवायलाही लागतं, त्यामुळं अंगात टीबी झोपलेला असंल तर तो उठू शकतो. म्हणून आधी छातीचा एक्सरे, टीबीची टेस्ट, हिपॅटायटिस बी आणि सी, सगळं बघूनच पहिली सुई. आपल्याकडं टीबी काय कमी आहे का, घरटी कुणीतरी औषध घेतलेलं असतं. तुम्हाला कुणी म्हणलं की टेस्ट बिस्ट राहू द्या, आधी सुई घ्या, तर तिथून उठून या, एवढं मी नक्की सांगीन.

घरात मात्र वेगळाच गोंधळ. आमच्या आत्याबाईंना (सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो) कुणीतरी सांगितलं की ह्या सुईत उंदराचं काहीतरी असतं. एकादशी करणारी बाई, त्या दिवशी मला पाणी सुद्धा दुरून दिलं. मग माझा भाचा, बी फार्मसी करायलाय, तो आला आणि त्यांना पलंगावर बसवून सांगितलं की आजी, आधीच्या एका औषधात उंदराच्या प्रथिनाचा भाग असतो, ते वेगळं, ते सलाईनमधून देतात, हे अडालिमुमॅब पूर्ण माणसाच्या प्रथिनाच्या धर्तीवर बनवलेलं. ज्या पद्धतीनं हे बनलं त्यासाठी २०१८ चं केमिस्ट्रीचं नोबेल ज्यांना मिळालं त्यात ग्रेग विंटर होते. अमेरिकेत ह्याला २००२ च्या शेवटच्या दिवशी परवानगी मिळाली, आणि आपल्या अहमदाबादच्या झायडस कंपनीनं २०१४ मध्ये त्याचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं, आणलं, जगात पहिलं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग स्वस्त झालं का?" बाईनं मुद्द्याला हात घातला. मूळ औषधापेक्षा बरंच स्वस्त झालं, तरी आमच्या घरात त्याचा हिशोब अजून सोयाबीनच्या क्विंटलात होतो.

आता फ्रीज. सुई टोचायला शिकणं सोपं, सुई सांभाळणं अवघड, हे कुणी आधी सांगत नाही. २ ते ८ डिग्रीच्या मधे ठेवायची. फ्रीजच्या दारात नाही, कारण दार दिवसातून पन्नासदा उघडतं, दूध, कोथिंबीर, पोरांचं थंड पाणी. फ्रीजरला चिकटून पण नाही, कारण गोठली की खलास, परत वितळली तरी वापरायची नाही, फेकून द्यायची. मधल्या कप्प्यात, डब्यासकट, कारण उजेडही चालत नाही. कागदावर लिहिलंय की गरज पडली तर काही दिवस २५ डिग्रीपर्यंत बाहेर राहू शकते. २५! परभणी जिल्ह्यात मे महिन्यात रात्री दोन वाजता पंख्याखाली सुद्धा २५ दिसलं तर आम्ही पेढे वाटू. आणि लाईट. उन्हाळ्यात आणि पावसाच्या पहिल्या वादळात लाईट जाते ती कधी येईल ते महावितरण पण सांगू शकत नाही. मी एक छोटा थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवलाय, आणि घरात नियम, लाईट गेली की फ्रीज कुणीही उघडायचा नाही, पाहुणा आला तरी नाही. बंद फ्रीज चारेक तास बऱ्यापैकी थंड राहतो. त्याच्यापुढं गेलं तर थर्माकोलचा डबा, जेल पॅक, पॅक आणि सुईच्या मधे जाड नॅपकिन, म्हणजे थेट बर्फ लागत नाही, आणि डबा घेऊन इन्व्हर्टरवाल्या मेडिकलमध्ये. संभाजीनगरहून आणताना पण असंच, रेल्वेत डबा मांडीवर, समोरची बाई विचारते मासे का? मी हो म्हणते.

तर शिकणं. मॅडमच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी एकदा तिथं दाखवलं होतं, रबराच्या गादीवर टोचायला लावलं होतं. रबर काही म्हणत नाही. घरी स्वतःच्या मांडीवर वेगळं असतं. शनिवारी सकाळी ठरवलं, सुई अर्धा तास आधी बाहेर काढून टेबलावर ठेवली, गार गार औषध जास्त झोंबतं म्हणून. उन्हात ठेवायची नाही, गरम पाण्यात बुडवायची नाही, नुसती ठेवायची. आमचे हे मोबाईल धरून सिस्टरला व्हिडिओ कॉल लावून उभे, आणि त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा. पोरगी दारात. आत्याबाई देवघरात. मामा (सासरे) बाजूच्या खुर्चीत पेपर वाचत. मामांना कैक वर्षांपासून शुगर, इन्सुलिन स्वतः घेतात, जेवणाआधी बनियन वर करून, गप्पा मारत मारत.

हात साबणानं धुतले. सुईतलं औषध उजेडात धरून बघितलं, पाण्यासारखं स्वच्छ पाहिजे, कण दिसले किंवा गढूळ वाटलं तर घ्यायची नाही. छोटा बुडबुडा होता, मी घाबरले, सिस्टर म्हणल्या ताई बुडबुडा असू द्या, काही होत नाही, तो काढायच्या नादात औषध सांडतं. स्पिरिटचा बोळा मांडीवर फिरवला आणि वाळू दिला. हे महत्त्वाचं आहे हां, ओल्या स्पिरिटवर टोचलं की आग आग होते आणि लोक म्हणतात औषध वाईट.

मग टोपण. ज्या बोटांना बरं करायचं त्याच बोटांनी एवढं बारीक घट्ट टोपण ओढायचं, हे ज्यानं बनवलं त्याला एक दिवस माझी बोटं वापरायला द्यायला पाहिजेत. पिरगाळायचं नाही, सरळ ओढायचं. निघेना. शेवटी पोरगीनं भांडी घासायचा रबरी हातमोजा, नवा, धुऊन आणून दिला, तो घालून पकड आली आणि टोपण निघालं. आता ते मोजे सुईच्या डब्याशेजारीच असतात. दट्ट्या सुद्धा मी अंगठ्यानं दाबत नाही, अंगठ्याचा सांधा लगेच बोंबलतो, सुई मुठीत धरते आणि तळहाताच्या गादीनं दाबते, हे सिस्टरनीच दाखवलं. बटण दाबायचं पेन पण मिळतं, ते हाताला सोपं आहे म्हणतात, पण ते खाटकन उडतं आणि मला माझ्या वेगानं जायला आवडतं.

डाव्या हातानं मांडीची कातडी चिमटीत धरली, सुई तिरकी केली, आणि हात थांबला. दुखायची भीती नव्हती ती, दुखण्याचं मला काय नवीन. डोकं म्हणतंय दाब आणि हात म्हणतोय नाही. हे म्हणाले राहू दे आज. सिस्टर फोनवर म्हणायल्या घ्या ताई श्वास घ्या. मी श्वासच घेत बसले.

मामांनी पेपर खाली केला. "काहून थांबलीस माय?"
"हात जाईना मामा."
"हाताकडं बघू नको. हात आपला असतो म्हणून दया करतो. जागेकडं बघ, अन् हळू नको टोचू, हळूनं जास्त लागतं. टोचायचं झटक्यात, दाबायचं निवांत."

आणि परत पेपर वर. झटक्यात गेली. खरं सांगते, टोचलेलं कळलं सुद्धा नाही नीट, औषध जाताना मात्र झोंबलं, मिरचीचा हात लागल्यासारखं. नंतर भाच्यानं सांगितलं की काही कंपन्यांच्या औषधात सायट्रेट नावाचा क्षार असतो त्यानं जास्त झोंबतं, बिनसायट्रेटचं पण येतं, डॉक्टरला विचारा. सगळं औषध गेलं, सुई ज्या कोनात घातली त्याच कोनात काढली, कोरडा बोळा दाबला, चोळलं नाही. आमचे हे तेवढ्यात स्टुलावर बसले होते, त्यांना पाणी द्यावं लागलं. आत्याबाई देवघरातून म्हणल्या, "झालं का? मग पोह्याला फोडणी दे." म्हणजे घरात सगळं नॉर्मल.

जागा बदलत राहायची, एकदा डावी मांडी, एकदा उजवी, कधी पोटावर, बेंबीपासून दोन इंच सोडून. काळंनिळं झालेलं, जखमेचा व्रण, तिथं नाही. माझ्या मांडीवर एक दोनदा रुपयाएवढा लाल चट्टा आला, खाजला, दोन दिवसात गेला. ताप असला, खोकला असला, कुठं पिकलेलं असलं, अँटिबायोटिक चालू असलं तर मी आधी मॅडमना फोन करते, मनानं घेत नाही, कारण ह्या औषधात इन्फेक्शन अंगावर येऊ शकतं. फरक पडायला पण वेळ लागतो, पहिल्या सुईनंतर पळायला लागले असं काही नाही, मॅडमनी बारा आठवडे तरी द्या म्हणलं होतं. मला हळूहळू कळलं, एक दिवस चहाचा कप एका हातात होता आणि दुसऱ्या हातात मोबाईल, आणि माझ्या लक्षात पण आलं नव्हतं.

तारखेचं एक गमतीशीर आहे. आत्याबाईंनी हिशोब लावला, दर पंधरा दिवसाला म्हणजे एकादशीच की, एकादशी आली की हिची सुई. पहिल्यांदा जुळलं सुद्धा. पण एकादशी कधी चौदा दिवसांनी येते कधी पंधरा, आणि सुईला मोजून चौदा लागतात, त्यामुळं थोड्याच महिन्यांत एकादशी पुढं निघून गेली आणि माझा शनिवार तिथंच. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकाआड एक शनिवारला लाल गोल करून ठेवलेत. तरी त्या प्रत्येक एकादशीला विचारतात, घेतलीस का. मी म्हणते घेतली.

वापरलेल्या सुया कचऱ्याच्या गाडीत टाकत नाही. ती गाडीवरची पोरं उघड्या हातानं कचरा निवडतात. फिनाइलची जाड प्लास्टिकची बाटली, तोंड बारीक, त्यात सुई टाकायची, टोपण परत लावायच्या भानगडीत पडायचं नाही, बाटली भरत आली की बुच लावून चिकटपट्टी, आणि आमच्या ओळखीच्या लॅबवाल्याकडं. त्याच्याकडं सुयांचा कचरा न्यायला वेगळी गाडी येते. तुमच्या गावात विचारा, लॅब किंवा सरकारी दवाखाना घेतो बऱ्याचदा.

मधे तोच कंपाउंडर सेवा केंद्रात आला होता, उत्पन्नाचा दाखला पाहिजे होता. "ताई आजकाल येत नाहीत सुईला." म्हणलं घरीच घेते. "स्वतः?" म्हणलं हो. त्यानं जरा वेळ माझ्याकडं बघितलं, मग कागदं पुढं केली, आणि मी त्याला लाईनीत बसायला सांगितलं, पुढं सात जण होते.

पुढचा शनिवार मात्र अवघड आहे. भाचीचं लग्न सेलूला, शनिवारी हळद, घर पाहुण्यांनी भरलेलं, एकच फ्रीज आणि त्यात बासुंदीची पातेली. मॅडमना विचारलं, त्या म्हणल्या एक दिवस मागंपुढं चालेल, पण नंतरचा शनिवार आहे तोच धरा. म्हणजे सुई घरीच ठेवायची, शनिवारी हळदीला जायचं, रविवारी लग्न लावून संध्याकाळच्या गाडीनं परत, आणि रात्री घ्यायची. तेवढ्यात गंगाखेडची लाईट राहिली पाहिजे. शेजारच्या काकूंना चावी आणि थर्मामीटर कसा बघायचा ते दोन्ही देऊन ठेवलंय.